आडनांवांतील गांव

आमच्या उमरोळीस नवखा मनुष्य आला म्हणजे तो प्रथम हें विचारतो कीं, हीच का ती उमरोळी? प्रश्न वाटतो तितका भोळा नाहीं. पश्चिम रेल्वेवर पालघर व बोईसर या दोन स्थानकांच्या मध्यें आमचें गांव आहे. परंतु एक उमरोळी पनवेल तालुक्यांत आहे, एक कर्जतकडे आहे, आणि एक चिपळूणकडेही आहे. उंबरांच्या ओळीवरून, म्हणजे ‘उदुंबरावलि’ अशा कांहीं मूळ रूपावरून, हें नांव आलें असावें असा माझा आपला तर्क आहे. आणि उंबर कोंकणांत कोठें नाहीं? तेव्हां ‘आमचे पूर्वज उमरोळीचे’ एवढ्याच आधारावर कोणी शोधास निघाला, तर त्याला निदान चार ठिकाणीं चहा घ्यावा लागेल.

ही प्रस्तावना अशासाठीं कीं, गेल्या हिवाळ्यांत इस्रायल देशांतील दिमोना या गांवाहून एक कुटुंब सहा आठवड्यांच्या मुक्कामासाठीं इकडे आलें होतें, आणि त्यांच्या शोधयात्रेंत मला कांहीं दिवस दुभाष्याचें काम करावें लागलें. एकंदर माणसें सात: ऐंशीच्या घरांतील आजीबाई, त्यांचे पुत्र व स्नुषा, एक कन्या, आणि तीन नातवंडें. हा प्रवास दोनदां ठरून मोडला होता. एकदां २०२० च्या महामारीमुळें, आणि पुन्हां २०२३ च्या आक्टोबरांत तिकडे युद्ध पेटल्यामुळें. ‘तिसऱ्यांदां मोडला असता तर मी पायीं निघालें असतें,’ असें आजीबाई म्हणाल्या. त्यांचे आप्त ठाण्यास व मुंबईस, एक दूरची चुलती अलिबागेस, आणि पूर्वजांचीं गांवें अलिबाग व रोहें या तालुक्यांत. मग उमरोळीस त्यांचें कोण? तर माझी थोरली बहीण. आजीबाईंचे वडील रेल्वेच्या नोकरीवर पालघरास होते, त्या वेळीं या दोघी एका शाळेंत एका बांकावर बसत. १९६३ सालीं ती मंडळी देश सोडून गेली. तेव्हांपासून दोघींची भेट नव्हती.

हे लोक बेने इस्रायल. आपल्या घरांतील जुन्या मंडळींस यांची ओळख असेल. तरुण पिढीस ती बहुधा सिनेमांतील डेव्हिड या नटापलीकडे नसते. डेव्हिड यांचें आडनांव चेऊलकर होतें हेंही थोड्यांसच ठाऊक. यांची परंपरागत कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं स्वदेशांतील संकटांतून निसटलेलें त्यांच्या पूर्वजांचें एक गलबत अलिबागेच्या उत्तरेस नवगांवाजवळ खडकांवर फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांचीं प्रेतें किनाऱ्यावर पुरण्यांत आलीं. पुरुषांचा एक व स्त्रियांचा एक असे दोन उंचवटे नवगांवास आहेत असें ते सांगतात. ग्रंथ समुद्रांत गेले, हळूहळू हिब्रू भाषाही गेली. परंतु आठव्या दिवशीं मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, पर व खवले नसलेल्या मासळीचा निषेध, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, एवढें शिल्लक राहिलें. कुलाब्याच्या खेड्यापाड्यांतून ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले.

चौदा हा आंकडा वाचतांना आमच्या चित्पावन वाचकांस कांहीं आठवल्यावांचून राहणार नाहीं. परशुरामानें समुद्रकांठीं वाहून आलेलीं चौदा प्रेतें सजीव केलीं अशी सह्याद्रिखंडाच्या आधारानें सांगितली जाणारी कथा सर्वश्रुत आहे. या साम्यावरून कित्येकांनीं मोठमोठे इमले रचले. मला ते पटत नाहींत. एकाच किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांच्या कथा एकमेकींच्या अंगणांत खेळून वाढतात. तेवढ्यावरून त्यांचें रक्त एक ठरत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासांत मात्र असें दिसून आलें कीं, बेने इस्रायलांच्या वंशांत यहुदी व भारतीय या दोन्ही धारा मिसळलेल्या आहेत. म्हणजे कथेंतील गलबताचें काय झालें तें शास्त्र सांगूं शकत नाहीं, पण कोणीतरी पश्चिमेकडून आलें होतें आणि त्यांनीं येथें संसार मांडला, एवढें सांगतें.

पुढें कोचीनकडील दावीद राहाबी नांवाच्या विद्वानानें त्यांस ओळखून धर्माचें शिक्षण दिलें अशी आख्यायिका आहे. त्याच्या काळाविषयीं पंडितांत शतकानुशतकांचें अंतर आहे. १७९६ त सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईस मांडवी भागांत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. बेने इस्रायल मराठींत त्याला ‘मशीद’च म्हणतात, आणि मशीद बंदर हें नांव त्यावरूनच पडलें असें सांगण्यांत येतें. १८३२ त जॉन विल्सन यांनीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण छापलें. १८४६ त वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईंत निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर या लोकांनीं आपल्याकडील हरिदासांचा कित्ता गिरवून मोशे, योसेफ, एलिया यांचीं आख्यानें लावलेलीं मराठी कीर्तनें सुरू केलीं. हाईम सामुएल किहीमकर यांनीं १८९७ त आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजींत लिहून पुरा केला. तो छापून निघाला मात्र १९३७ त, तोही तेल अवीव येथें.

या किहीमकरांच्या नांवापाशींच थोडें थांबूं. किहीम हें अलिबागेजवळचें गांव. नवगांवकर, झिराडकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, पेझारकर अशीं शंभरांहून अधिक आडनांवें या समाजांत आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटांत एक गांव आहे. १९६६ सालीं पद्मश्री मिळालेल्या डॉक्टर जेरूशा झिराड यांचें नांव ऐकणाऱ्यास झिराड गांवचा रस्ता विचारावा लागत नाहीं. माणूस मुंबईस गेला, कराचीस गेला, एडनला गेला, तरी आडनांवाच्या शेवटीं तो ‘कर’ लावून गांव बरोबर नेत असे.

याच्या उलट मॉरिशसच्या आपल्या मराठी बांधवांची गोष्ट पाहावी. १८३४ पासून पुढील सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करारावर त्या बेटास गेले. त्यांत रत्नागिरी व आसपासच्या भागांतील मराठी माणसें होतीं. तेथील कारकुनांनीं बापाचें नांव तेंच मुलाचें आडनांव करून टाकल्यामुळें आज तेथें बाबाजी, रामजी, सखाराम हीं आडनांवें आढळतात. गांव त्यांतून पार पुसलें गेलें. परंतु त्याच कारकुनांनीं दुसरें एक काम असें केलें कीं त्याबद्दल त्यांचे सर्व अपराध क्षमा करावे. उतरलेल्या प्रत्येक मजुराचें नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, तालुका, जिल्हा व जहाज त्यांनीं वहींत टिपलें, आणि पुढें कित्येकांचीं छायाचित्रेंही काढलीं. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेल्या आहेत. म्हणून पांचव्या पिढीचा मॉरिशसवासी कागद हातीं घेऊन कोंकणांत उतरतो, आणि विचारीत विचारीत कधींकधीं बरोबर वाडीपर्यंत पोंचतो. अर्थात् फ्रेंच वळणाच्या इंग्रज कारकुनाच्या कानांनीं ऐकलेलें गांवाचें नांव ओळखणें ही एक निराळीच विद्या आहे. एकांच्या आडनांवांत गांव नाहीं पण वहींत आहे. दुसऱ्यांची वही नाहीं पण आडनांवांत गांव आहे. दोन्ही ज्यांच्यापाशीं नाहीं अशा माणसांची संख्या यापुढें वाढत जाणार, आणि त्यांत आपलीं नातवंडें असतील. आमच्याच घरच्या एका नातीचें आडनांव तिच्या अमेरिकेंतील शाळेंत तीन अक्षरांचें केलें आहे. उच्चारास सोपें म्हणून.

आजीबाईंच्या घरीं आडनांवावरून एक लहानसें महाभारत झालें होतें. इस्रायलांत गेल्यावर अनेकांनीं गांवचें आडनांव टाकून बापाचेंच नांव पुढें चालविलें, किंवा नवें हिब्रू नांव घेतलें. त्यांच्या पुत्रानें सैन्यांत असतांना तसेंच केलें. आईनें त्याच्याशीं चार महिने अबोला धरला. आतां गंमत अशी कीं, त्या पुत्राचा पुत्र, वय वर्षें तेवीस, सैन्यांतून सुटल्यावर सरकारी कचेरींत गेला आणि बापानें टाकलेलें मराठी आडनांव उचलून पुन्हां आपल्यापुढें लावून आला. त्याला मराठी फारसें येत नाहीं. ‘मग हें कशाला?’ असें मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं, नकाशावर बोट ठेवतां येईल अशी एक तरी जागा मला पाहिजे होती.

हा प्रश्न त्या मुलास कां पडावा हें कळण्यास थोडा इतिहास सांगणें प्राप्त आहे. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या आशेनें तिकडे गेले, आणि त्यांतील बऱ्याच कुटुंबांस नेगेव्हच्या वाळवंटांत नव्यानें वसविलेल्या गांवांत धाडण्यांत आलें. दिमोना हें त्यांपैकींच. १९५५ सालीं वसलेलें. आपल्याला रंगावरून हिणविलें जातें अशी तक्रार करून कांहीं जण १९५२ च्या सुमारास आंदोलनें करून भारतांत परतले, आणि त्यांतीलही कित्येक पुन्हां तिकडे गेले. त्याहून मोठा घाव पुढेंच होता. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें असा दंडक घातला कीं, बेने इस्रायलाचें लग्न दुसऱ्या यहुद्याशीं लावण्यापूर्वीं त्याच्या कुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. ज्यांनीं ग्रंथांवांचून, गुरूंवांचून, शतकानुशतकें शनिवार पाळला, त्यांस ‘तुम्ही खरे यहुदी कशावरून?’ असें विचारण्यांत आलें. आजीबाई तेथें उतरल्या त्या नेमक्या १९६३ सालीं, आणि त्यांचें लग्न ठरत होतें. १९६४ च्या उन्हाळ्यांत बेने इस्रायलांनीं यरुशलेमेस ठाण मांडलें. त्या गर्दींत आजीबाईही होत्या. अखेर त्याच वर्षीं तेथील सरकार व संसद यांनीं बेने इस्रायल हे सर्वार्थानें यहुदी आहेत असें जाहीर केलें, आणि धर्मपीठासही तो दंडक सैल करावा लागला. ‘इथें आम्ही तेली, तिथें आम्ही इंडियन,’ असें त्या म्हणाल्या. तें बोलतांना त्यांच्या स्वरांत कडवटपणा नव्हता. पण त्यांची कन्या, जिला तेवढी मराठी कळते, ती उठून बाहेर गेली.

रोहें तालुक्यांतील त्यांच्या गांवचें नांव मी येथें देत नाहीं. दिलें तर आडनांव उघडें पडेल. भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसें नेणारी बोट २०२० पासून मांडव्यास जाते. तिनें आम्ही गेलों आणि अलिबागेहून पुढें मोटारीनें. गांवांत शिरतां शिरतांच जें व्हावयाचें तें झालें. सात परदेशी माणसें, हातांत यंत्रें, आणि एक पांढऱ्या केसांचा मास्तर हें दृश्य पाहून ज्या घराच्या जागेवर आजीबाईंच्या आजोबांचा घाणा होता, त्या घरचे यजमान आंत गेले आणि खरेदीखत घेऊनच बाहेर आले. त्यांच्या वडिलांनीं ती जागा रीतसर विकत घेतली होती. कागद खरा होता, शिक्का खरा होता, आणि त्यांच्या मनांतील भीतिही खरी होती. अलीकडे त्या भागांत जमिनींचे भाव असे चढले आहेत कीं पाहुणा दिसला कीं माणसास प्रथम दावेदारच दिसतो. आजीबाईंनीं तो कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. विकणाऱ्याच्या जागीं त्यांच्या काकांचें नांव होतें. काकांनीं जमीन विकली हें त्यांस ठाऊक होतें. किती पैशांस विकली हें आज प्रथम कळलें. तेवढ्या पैशांतून बोटीचीं किती तिकिटें आलीं असतील याचा हिशेब त्यांनीं तेथेंच बोटांवर केला, आणि कागद परत देत म्हणाल्या, ‘नीट ठेवा हो. ओलीला लागूं देऊं नका.’

मग वातावरण निवळलें. चहा आला. घाण्याचें दगडी उखळ परसांत आडवें पडलें होतें आणि त्यांत कोंबड्यांस पाणी ठेवीत असत. नातवानें तें चारी बाजूंनीं मापलें. आजीबाईंस विहिरीचें पाणी प्यावयाचें होतें. त्यांच्या आईनें तिच्या गोडीचें फार वर्णन केलें होतें. विहिरीवर आतां लोखंडी जाळी आहे, आणि तिचें पाणी कोणी पीत नाहीं. गांवांत नळ आले आहेत. यजमानीणबाईंनीं दुकानांतून सीलबंद बाटली आणून दिली. ती त्यांनीं घेतली, आभार मानले, आणि जाळीजवळ उभ्या राहून प्याल्या.

गांवांतील सर्वांत वृद्ध गृहस्थांस शनवार तेल्यांची आठवण होती, परंतु ते लोक यहुदी होते हें त्यांस ठाऊक नव्हतें. ‘शनिवार मारुतीचा, म्हणून घाणा बंद ठेवीत असतील अशी आमची समजूत,’ असें ते म्हणाले. मला हें फार मोलाचें वाटलें. शेजाऱ्याला आपल्या परीनें समजून घेऊन त्याला त्याच्या मार्गानें जाऊं देण्याची ही जुनी रीत होती. तींत ज्ञान थोडें असेल, पण उपद्रवही थोडाच होता.

तरी ती रीत सर्वस्वीं सुखाची होती असें कोणी समजूं नये. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आजीबाई लहानपणीं ताईबरोबर पालघराहून उमरोळीस खेळावयास येत, तेव्हां आमची आजी त्यांस ओटीवरच खावयास देई, आणि त्यांचें फुलपात्र निराळें होतें. तें ओटीच्या कोनाड्यांत पालथें असे. आंत येण्याची बंदी होती असें कोणी तोंडानें म्हटलें नव्हतें. त्या मुलीस तें न सांगतांच कळलें होतें. उलट ताई त्यांच्याकडे गेली म्हणजे त्यांची आई तिला शिजविलेलें कांहीं न देतां केळें किंवा नारळाचा तुकडा देई. ब्राह्मणाच्या मुलीस आपल्या हातून कमीपणा नको, ही तिची काळजी. यंदा त्या सगळ्या आमच्या स्वयंपाकघरांत आल्या. माझ्या धाकट्या सुनेनें त्यांच्या धर्मांतील सोवळें आधींच विचारून ठेवलें होतें: मांस व दूध एका ताटांत येतां कामा नये, भांडींही निराळीं. मांस या घरांत येतच नाहीं म्हटल्यावर अर्धा प्रश्न सुटला. उरलेला नव्या भांड्यांनीं व केळीच्या पानांनीं सोडविला. जेवतांना आजीबाई ताईस म्हणाल्या, ‘तें फुलपात्र आहे का ग अजून?’ ताईनें मान खालीं घातली. पंक्तींत कोणी बोललें नाहीं. मग ताई उठली, माळ्यावरच्या पेटींतून तें पितळेचें फुलपात्र काढून आणलें, चिंचेनें घांसलें, आणि त्यांत पाणी घालून स्वतः प्याली. आजीबाईंनीं तें जातांना मागून घेतलें. आतां तें दिमोनास आहे.

दोघींनीं दुसऱ्या दिवशीं तारापूर-चिंचणीकडे फेरी मारली. १९६९ सालीं सुरू झालेलें तारापूरचें अणुवीजकेंद्र आजीबाईंनीं पाहिलें नव्हतें. त्या गेल्या तेव्हां तेथें मासळीचें वाळवण असे. दिमोनाजवळही अणुभट्टी आहे. ‘देवानें आपणां दोघींना शेजार मात्र सारखाच दिला,’ असें म्हणून दोघी पोरींसारख्या हंसल्या. या केंद्राच्या पुढील विस्तारासाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठवून लोकांस दुसरीकडे वसविण्यांत आलें. त्या गांवचीं माणसें येथून थोड्या अंतरावर राहतात, तरीही आपल्या मूळ गांवीं जाऊन पार दाखवूं शकत नाहींत. सुमारें अडीच हजार मैलांवरून आलेल्या बाईंस निदान जाळी लावलेली विहीर तरी सांपडली.

अलिबागेंतील इस्रायल आळींत १८४८ सालीं बांधलेलें व १९१० त पुन्हां उभारलेलें प्रार्थनामंदिर आहे. आळी अजून आहे. इस्रायल मोजकेच उरले आहेत. साऱ्या भारतांत आज त्यांची संख्या चार-पांच हजारांच्या घरांत आहे, आणि त्यांतील बरेच ठाणें-मुंबईस राहतात. २०१६ त महाराष्ट्र सरकारनें त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. तेथून जवळच खंडाळें नांवाच्या गांवीं ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ आहे. घाटावरील खंडाळ्याशीं याचा संबंध नाहीं, हेंही नामसाम्याचेंच एक उदाहरण. एलिया भविष्यवादी रथांतून स्वर्गास जातांना येथें टेकला व त्याच्या घोड्यांच्या टापांचे ठसे खडकावर उमटले अशी श्रद्धा आहे. नवस फेडण्यास देशोदेशींचे बेने इस्रायल येथें येतात. पोहे, ओलें खोबरें, साखर, वेलदोडा व फळें यांचा ‘मलिदा’ तबकांत रचून एलियाचें स्तवन गातात. दुसऱ्या कोणत्याही देशांतील यहुदी हा विधि करीत नव्हते. कोंकणानें तो त्यांस दिला, आणि आतां तो इस्रायलांतील त्यांच्या घरोघरीं होतो. मलिद्यास बसलेल्या त्या मंडळींत सून मूळची मोरोक्कोकडील घराण्यांतील; तिनें पोहे प्रथमच कालविले, आणि खोबरें जास्त पडलें म्हणून सासूनें तिला आपल्या पद्धतीनें दोन शब्दही ऐकविले. ते मराठींत असल्यामुळें तिला लागले नाहींत.

नवगांवास मात्र कोणी फारसें बोललें नाहीं. समुद्रापासून थोड्या अंतरावर तें प्राचीन स्मशान व स्मारकाचा स्तंभ आहे. तेथें नातवानें आपल्या भाषेंत प्रार्थना म्हटली, आणि आजीबाईंनीं तीच त्याच्यामागून म्हटली.

सर्वांत धाकटी नात बारा वर्षांची. तिला शाळेनें काम दिलें होतें कीं, आजीचे शब्द गोळा करून आण. तिच्या वहींत मराठी शब्द हिब्रू अक्षरांत उजवीकडून डावीकडे लिहिलेले होते; मला अक्षर कळेना, पण तिनें वाचून दाखविले. बेने इस्रायलांनीं आपल्या सणांस जीं नांवें दिलीं तीं ऐकून मी थक्क झालों: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अणशी ढाकण्याचा सण, बिरड्याचा रोजा. दारफळणी म्हणजे दारें लावून घेऊन उपवास करण्याचा त्यांचा सर्वांत पवित्र दिवस. आणि बिरड्याचा रोजा म्हणजे यरुशलेमेचें मंदिर पडलें त्याचा शोक, ज्या दिवशीं उपवास वालाच्या बिरड्यानें सोडतात. अडीच सहस्र मैलांवरच्या मंदिराचें दुःख आणि कोंकणांतील वाल यांची गांठ ज्यांनीं घातली, त्यांच्या भाषेला मी तरी परकी म्हणणार नाहीं. इस्रायलांत ‘मायबोली’ नांवाचें त्यांचें मराठी नियतकालिक गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून निघत आलेलें आहे. वाचणारे दरवर्षीं कमी होतात, हें आजीबाईंनींच सांगितलें. त्यांच्या घरीं तें त्या एकट्याच वाचतात, आणि वाचून झाल्यावर कपाटांत तारखेप्रमाणें लावून ठेवतात.

जाण्यापूर्वीं त्यांनीं मजकडे एक काम सोंपविलें होतें. पालघरच्या त्यांच्या शाळेच्या जुन्या पटावर आपलें नांव आहे का, असल्यास दाखला मिळवून धाडावा. पट सांपडला, वाळवीनें कडा खाल्ल्या होत्या, पण ओळ शाबूत होती. नांव, वडिलांचें नांव, गांवचें आडनांव, जातीच्या रकान्यांत ‘इस्रायल’, आणि जन्मतारीख: नोव्हेंबर १९४३. तिकडील त्यांच्या सर्व कागदांवर १९४५ आहे. दाखला टपालानें गेला. ताईचा जन्म १९४४ चा. साठ वर्षें ती पत्रांतून त्यांस धाकटी समजून उपदेश करीत आली होती. गेल्या आठवड्यांत दूरध्वनीवर आजीबाईंनीं तिला स्पष्ट सांगितलें कीं, यापुढें मला ‘अहो’ म्हणावयाचें. ताई म्हणते, वाळवीनें आंकडा बदलला असेल.